१९३० च्या दिवाळीचे स्वयंपाकघर कादंबरीत कसे आणावे?

प्रश्न: शरदवाचन (सोलापूर)

सोलापूरच्या पूर्वभागातील एका गिरणी कामगाराच्या घरात घडणारी माझी पहिली कादंबरी मी लिहीत आहे. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ (लष्करी कायदा) पुकारला गेला, तिथून कथानक सुरू होते आणि १२ जानेवारी १९३१ ला संपते. त्या दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. या दोन टोकांच्या मधोमध त्या वर्षीची दिवाळी येते. कादंबरीचा सर्वांत मोठा भाग मला तिथेच ठेवायचा आहे, कारण चौघे तुरुंगात असताना या शहरातील साध्या माणसांनी सण कसा काढला असेल, याच प्रश्नातून मला ही कादंबरी सुचली.

आश्विन लागला की माझा दिनक्रम आपोआप ठरतो. सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठाने फेरी, मग लेखन, दुपारी वाचन आणि संध्याकाळी स्वयंपाक. मीठ घालून उकडलेल्या ओल्या शेंगा, बाजारात आलेली सीताफळे, पूर्वभागात तेलुगू भाषक स्त्रियांनी मांडलेली बतुकम्माची फुले, कोजागरीचे आटीव दूध आणि त्याच सुमारास तुळजापूरच्या रस्त्याने पायी निघालेले भाविकांचे जथे, या सगळ्यावर माझा जीव आहे आणि यांतले काही ना काही कादंबरीत उतरावे असे मनापासून वाटते. मात्र लिहिलेली पाने वाचताना खाण्यापिण्याचे वर्णन एकीकडे राहते आणि गोष्ट दुसरीकडे चालू लागते. हे दोन्ही एकत्र कसे आणावे आणि त्यासाठी या दिवसांत काय वाचावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: काठवट

ताई, आपण जे जे सांगितले आहे ते सगळे तयार होऊन ताटात आलेले आहे. माझ्या मते स्वयंपाकघर गोष्टीत येते ते कामाच्या वाटेने, म्हणून ताटाच्या आधीचे लिहून पाहावे.

भाकरीचेच घ्या. रब्बी ज्वारी माघ-फाल्गुनात खळ्यावर येते. आश्विनात घरात असलेले धान्य म्हणजे सात-आठ महिन्यांचे झालेले असते. धान्य टिकते, पीठ टिकत नाही. दळून ठेवले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना कडेला चिरा पडतात, म्हणून दळण थोडे थोडे आणि वरचेवर करावे लागते. आता यावर गिरणीचे वेळापत्रक ठेवून पाहा. कारखाने कायद्याच्या १९२२ च्या दुरुस्तीनंतर कारखान्यातील प्रौढ कामगाराला दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तासांची मर्यादा होती, म्हणजे तेवढे तास काम घेता येत असे. भोंगा होण्याच्या आत दळण, पाणी, चूल, भाकरी आणि फडक्यात बांधलेली शिदोरी, हे सारे उरकायचे. घरातली बाई स्वतः गिरणीत जाणारी असेल, तर तिची पहाट किती वाजता सुरू होत असेल याचा हिशेब आपल्याला मांडावाच लागेल आणि तो मांडताना पात्रांचे स्वभाव आपोआप पुढे येतील.

आणखी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. तव्यावर टाकलेल्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवतात आणि ते पाणी पुरते सुकण्याआधी ती उलटावी लागते. उशीर झाला तर वरचा पापुद्रा तडकतो आणि भाकरी फुगत नाही. नेमक्या त्या वेळी दारात पोलीस आल्याचे कोणी सांगितले, तर आपली नायिका भाकरी उलटून मग उठेल, की तशीच टाकून दाराकडे जाईल? तिने काय केले एवढे लिहिले की तिच्या मनात काय चालले होते ते वेगळे सांगावे लागणार नाही.

शेंगांच्या चटणीचेही तसेच आहे. भाजलेले, साल काढलेले दाणे लसूण, लाल तिखट, जिरे आणि मीठ घालून उखळात कुटायचे. तेल सुटून चटणीचा गोळा धरू लागेपर्यंत हात थांबवता येत नाही. मुसळाचा हा आवाज भिंतीपलीकडे जातो. ज्या घरातला मुलगा पकडला गेला आहे, त्या घरात दिवाळीच्या आठवड्यात उखळ वाजले की नाही, हे सगळ्या चाळीला कळणारच. शिवाय सोलापूरची कडक भाकरी आणि ही चटणी कित्येक दिवस टिकतात. पुण्याला तुरुंगापर्यंत जाऊन येणाऱ्या माणसाबरोबर दुसरी कोणती शिदोरी द्यावी, याचा विचार करावा लागत नाही.

उत्तर २: बाळीवेस वाचक

वाचनाविषयी थोडे लिहितो. दिवाळी अंकांची परंपरा काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये सुरू केली. आपल्या कादंबरीच्या काळापर्यंत तिला दोन दशके झाली होती. हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा अन्य जुन्या ग्रंथालयांत त्या सुमाराचे बांधीव अंक मिळतात का, याची चौकशी अवश्य करावी. ते मिळाले तर कथांच्या आधी जाहिराती वाचाव्यात. कोणती वस्तू विकत घेणे तेव्हा हौसेचे मानले जात होते, आजारपणात लोक काय मागवत होते आणि कोणत्या शब्दांत गिऱ्हाइकाला साद घातली जात होती, हे तिथे जितके स्पष्ट दिसते तितके इतिहासाच्या पुस्तकात दिसत नाही. मात्र गिरणी कामगाराच्या घरात असा अंक विकत येणे अवघड, हेही ध्यानात ठेवावे. तिथे वर्तमानपत्र एक जण वाचत असेल आणि बाकीचे ऐकत असतील. कुर्बान हुसेन स्वतः ‘गझनफर’ हे पत्र चालवत होते, म्हणून छापील शब्दाला त्या वस्तीत काय मोल होते, या अंगानेही आपण जरूर विचार करावा.

दुसरे वाचन म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूर जिल्ह्याचा विसावा खंड. तो १८८४ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे आपल्या काळाच्या बराच आधीचा आहे, आणि त्याची नजर राज्यकर्त्याची आहे. तरीही कोणत्या समाजाचे घर कसे, रोजचे जेवण काय, सणाचे काय, असे बारकावे त्यात ओळीने सापडतात. ते तसेच उचलू नयेत; घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पडताळावेत. त्या वर्षी जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते. ज्या कामगाराचे भाऊबंद गावाकडे शेती करत होते, त्याच्या दिवाळीवर त्याची छाया पडल्यावाचून राहिली नसेल.

एक विनंती आहे. त्या चौघा हुतात्म्यांच्या घरी त्या दिवाळीत काय शिजले, हे कल्पनेने लिहू नये. कन्नड, उर्दू, मारवाडी आणि मराठी अशा सोलापूरच्या निरनिराळ्या घरांतून ती माणसे आली होती. शेजारची कल्पित घरे उभी करावीत आणि त्या घरांतून त्यांच्याविषयी बोलले जावे. त्यामुळे त्यांचा मान राहील आणि आपल्याला मोकळेपणाने लिहिता येईल.

उत्तर ३: काळी माती

दिवाळीच्या भागात हुरडा आणू नये, एवढेच सांगायचे आहे. आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात असतो. रब्बी ज्वारीची पेरणी त्या ओलीवर, हस्त नक्षत्राच्या आगेमागे होते. दिवाळीत ज्वारी पोटरीतही (कणीस बाहेर पडण्याआधीच्या अवस्थेतही) आलेली नसते, हुरडा थेट मार्गशीर्ष-पौषात मिळतो. जिल्ह्यातला वाचक अशा ठिकाणी पुस्तक मिटून ठेवतो. ओल्या शेंगा आणि सीताफळे मात्र बिनधास्त लिहा.

शरदवाचन

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. भाकरी उलटण्याचा प्रसंग मी आजच लिहायला घेते. काळी माती यांनी ऋतूचा विषय काढला म्हणून आणखी एक विचारते. फाशीचा दिवस संक्रांतीच्या तोंडावर येतो आणि सिद्धेश्वराच्या यात्रेचेही तेच दिवस असतात. शेवटच्या प्रकरणात याच घरात पुन्हा भाकरी दाखवावी, असे मनात आहे. ते योग्य ठरेल का?

काठवट

ताई, भोगीला आपल्याकडे तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते. बाजरीचे पीठ हाताला वेगळे लागते. ते ज्वारीपेक्षा लवकर कडू होते, म्हणून त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी दळतात. तेव्हा ज्वारीचा प्रसंग दिवाळीतच राहू द्यावा आणि शेवटी तीच कृती पुन्हा आणू नये. भोगीच्या मिसळीच्या भाजीला वाटाणा, घेवडा, गाजर, हरभऱ्याचे घाटे असे बरेच काही निवडावे लागते आणि ते निवडायला शेजारच्या बाया एकत्र बसतात. येरवड्याची बातमी आपल्या घरात पोहोचवायची असेल, तर तिथे पोहोचवावी, कारण तिथे ती एकीने दुसरीला सांगावी लागेल. त्या वर्षीचे पंचांग मिळवून भोगी नेमकी कोणत्या वारी होती, ते मात्र आधी निश्चित करून घ्यावे.