व्हेपच्या बॅटरीचा हिशेब जुळत नाही, मदत हवी आहे

मी इंग्लंडमध्ये, लेस्टरला असतो. सिगारेट सोडण्यासाठी व्हेपवर (ई-सिगारेटवर) आलो. त्यावरून प्रवचन नको, ते घरी रोज मिळतं. प्रश्न निव्वळ विजेचा आहे.

मॉड (व्हेपचा बॅटरी बसवायचा मुख्य भाग) १८६५० आकाराच्या एका लिथियम सेलवर चालणारा, वॅट ठरवून देता येणारा. सेल ३००० एमएएच (मिलीअँपिअर-तास), ३.६ व्होल्टचा. कॉइल (तापून वाफ करणारी तार) ०.३ ओहम, ३० वॅटवर ठेवतो, झुरका साधारण ३ सेकंदांचा. रात्रपाळीत चार्जिंगची सोय नाही, म्हणून एका सेलवर किती झुरके निघतील ते आधी कळायला हवं.

माझा हिशेब: ३ अँपिअर-तास गुणिले ३.६ म्हणजे १०.८ वॅट-तास, म्हणजेच ३८,८८० ज्यूल. एका झुरक्याला ३० × ३ = ९० ज्यूल. भागाकार ४३२. प्रत्यक्षात मॉडवरचा झुरक्यांचा आकडा पावणेतीनशेच्या आत-बाहेर असतानाच 'बॅटरी लो' येतं. सेल नवा आहे, खात्रीच्या दुकानातला. आणि गंमत म्हणजे बाहेर काढून थोड्या वेळाने मल्टिमीटर लावला की ३.६ व्होल्ट दाखवतो! मग मॉड बंद का पडतो?

प्रतिसाद १
सोपं आहे, ओहमचा नियम लावा. ४.२ भागिले ०.३ म्हणजे १४ अँपिअर. ३ अँपिअर-तासाचा सेल १४ अँपिअरने १३ मिनिटांच्या आतच संपतो. ३ सेकंदांनी भागलं की २५७ झुरके. जुळलं की!

प्रतिसाद २
जुळलं हा योगायोग आहे हो. हे गणित मेकॅनिकल मॉडचं, जिथे सेल थेट कॉइलला जोडलेला असतो. यांच्या मॉडमध्ये मधे चिप आहे. सेलला कॉइलचे ओहम दिसतच नाहीत, त्याच्याकडे मागणी येते ती वॅटची. म्हणून व्होल्टेज उतरेल तसा करंट वाढत जातो. चिपचं स्वतःचं खाणं १० टक्के धरू, म्हणजे सेलमधून सुमारे ३३ वॅट निघतात. भरलेल्या सेलवर (४.२ व्होल्ट) हा करंट ८ अँपिअरच्या आसपास, ३.२ व्होल्टला साडेदहाच्या जवळ.

आता खरी मेख. सेलचा अंतर्गत रोध आणि स्प्रिंगचे संपर्क मिळून ०.०४ ओहम धरा. १० अँपिअरला तिथेच ०.४ व्होल्ट पडतात. मॉड बटण दाबलेलं असताना व्होल्टेज बघतो आणि ३.२च्या सुमाराला हात वर करतो. तुम्ही सेल काढता तेव्हा भार नसतो, तो परत ३.६वर येतो. म्हणजे साधारण पाव भाग ऊर्जा आत तशीच राहते.

३८,८८०चे पाऊण म्हणजे २९,१६०. त्यातले आठ-दहा टक्के सेलच्या आतच उष्णता होऊन जातात (सेल कोमट लागतो तो यामुळेच). चिपसकट एका झुरक्याला १०० ज्यूल. उरतात २६५च्या आसपास झुरके.

खात्री करायची तर २० वॅटवर चालवून बघा. वॅट कमी झाल्यामुळेच झुरके दीडपट होतील; त्याहूनही जास्त झाले तर दोष सेलचा नाही. थंडीत आकडा आणखी घसरेल, रोध वाढतो.

प्रतिसाद ३
जास्तीचा सेल नेणार असाल तर प्लास्टिकच्या डबीतच. खिशात किल्ल्यांबरोबर ठेवलात तर शॉर्ट होऊन पेट घेईल. आणि दिवाळीला इकडे भारतात येणार असाल तर मॉड तिकडेच ठेवून या. २०१९च्या कायद्याने ई-सिगारेटची आयातही बंद आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

धागाकर्ता
प्रतिसाद २, मानलं. २० वॅटवर साडेचारशेच्या पुढे गेला. पण वाफ अगदीच मिळमिळीत, त्यापेक्षा काही न ओढलेलं बरं. २५वर ठेवतोय, दुसरा सेल आणि डबी मागवली आहे. तो रोध घरच्या मल्टिमीटरने मोजता येतो का, की त्याला वेगळं काही लागतं?