५/२ आणि ३.५० हा एकच भाव आहे

घोड्यांच्या शर्यतीवरच्या सट्ट्याबद्दल चर्चेत असं आलंय की एकाच घोड्याचा भाव, म्हणजे तो जिंकल्यास किती पैसे मिळतील ते सांगणारा आकडा, एका ठिकाणी ५/२ दिसतो आणि दुसऱ्या ठिकाणी ३.५०, म्हणजे दुसरीकडे जास्त पैसे मिळतात. नाही हो, दोन्हीकडे तेवढेच मिळतात. ब्रिटनमधली जुनी पद्धत अपूर्णांकाची. ५/२ म्हणजे २ पौंड लावले तर ५ पौंड नफा, शिवाय आपले २ परत. हातात ७. युरोपात चालणाऱ्या दशांश पद्धतीत लावलेली रक्कम आकड्यातच धरलेली असते, म्हणून २ गुणिले ३.५० केलं की तेच ७. अमेरिकेत हाच भाव +२५० असा लिहितात: १०० डॉलरवर २५० नफा. उणे चिन्ह असलं की उलट वाचायचं. -२०० म्हणजे १०० कमवायला २०० लावावे लागतात.

पण मला खरी महत्त्वाची वाटते ती पुढची पायरी, आणि ती अजून कुणी मांडलेली नाही. १०० ला दशांश भावाने भागा, त्या भावात धरलेली जिंकण्याची शक्यता टक्क्यांत निघते. ३.५० ची सुमारे २८.६. आता दोन तोडीस तोड खेळाडूंचा टेनिस सामना घ्या, दोघांनाही भाव १.९०. प्रत्येकी ५२.६ टक्के, बेरीज १०५ च्या वर! शंभराच्या वरचा तो भाग बुकीचा. भावात जिंकण्याची खरी शक्यता दिसत नाही, त्यातून त्याचं मार्जिन आधीच कापलेलं असतं.

२०१५-१६ च्या मोसमाआधी लेस्टर सिटी हा फुटबॉल संघ इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकेल याला ५०००/१ भाव होता. दशांशात तो ५००१ होतो, ५००० नाही. तो वरचा १ म्हणजे आपलाच पौंड.