कोरड्या केसांना तेल न्हाण्याआधी

शिकेकाई सुरू केल्यापासून केस जास्तच कोरडे झाले, असं तुम्ही लिहिलंय. शिकेकाई सोडू नका, पण नुसती वापरू नका. तिचा फेस मळाबरोबर केसांचं तेलही ओढून नेतो. आमच्या घरी न्हाण्याच्या आदल्या रात्री खोबरेल लावायचा नेमच होता, आणि त्यात तथ्य आहे. खोबरेल केसाच्या आत मुरतं, त्यामुळे धुताना केस कमी झिजतात. न्हाल्यावर तेल चोपडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

शिकेकाई उकळताना मूठभर जास्वंदीची पानं आणि चमचाभर मेथी टाका. त्यांचा बुळबुळीतपणा केसांवर राहतो, गुंता सहज सुटतो. पाणी गाळून मगच वापरा, नाहीतर कण डोक्यात अडकतात. लिंबाचा रस थेट लावू नका.

तुमच्याकडे पाणी बोअरचं आहे का? जड पाण्यातले क्षार केसांवर बसतात आणि केस काथ्यासारखे लागतात. मी शेवटचे दोन तांबे आरओच्या पाण्याचे घेते, मला तरी लगेच फरक जाणवला. आणि हो, ओले केस खसाखसा पुसू नका, जुन्या सुती ओढणीत नुसते गुंडाळून ठेवा.