प्रतिसाद: हेतू विचारला की मुलं सारांश लिहितात

धड्यामागचा लेखकाचा हेतू आणि दृष्टिकोन विचारला की मुलांकडून सारांश येतो, कारण ती धडा ‘काय सांगतो’ इथेच थांबतात. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन फक्त मत लपलेले शब्द अधोरेखित करायला लावा. ‘सभेला दोनशे लोक आले’ ही माहिती झाली. ‘सभेला जेमतेम दोनशे लोक आले’ यात लेखक बोलला. तो ‘जेमतेम’ म्हणजेच दृष्टिकोन. ‘तब्बल’ घालून बघा, बाजूच पालटते!

हेतूसाठी एकच वाक्य: ‘वाचकाने अमुक मानावं किंवा करावं म्हणून लेखकाने हे लिहिलं.’ खाली धड्यातले दोन पुरावे. ‘माहिती देणे’ एवढंच उत्तर मी तरी अर्धवट धरेन.

कथेत मात्र पात्राचं मत लेखकाच्या नावावर खपवलं जातं, आणि उपरोध असेल तर उत्तर थेट उलटंच येतं. म्हणून आधी ‘हे कोण बोलतंय?’ विचारा.