विषय: इस्रायलचा शिक्का आणि मुलाचा प्रवास

नमस्कार मंडळी,
मुलगा नोव्हेंबरात जॉर्डन पाहून तिथूनच रस्त्याने इस्रायलला जातोय. अश्दोदला त्याच्या बेने इस्रायली (मराठी ज्यू) मित्राचं लग्न आहे. पुढच्या वर्षी लेबनॉनला बालबेकची देवळं बघायची म्हणतो. पासपोर्ट ब्रिटिश. इस्रायलचा शिक्का दिसला तर लेबनॉनमध्ये आत घेत नाहीत म्हणे. एकीने सांगितलं, शिक्का बसलाच तर ते पान हळूच काढून टाक. तेव्हापासून झोप उडाली आहे. कुणाला अनुभव असेल तर कळवा.

*

ताई,
पान काढायचं डोक्यातूनच काढून टाका. पानांवर आकडे छापलेले असतात. एक गेलं की पहिल्याच खिडकीवर लक्षात येतं, आणि मग इस्रायलचा विषय बाजूला पडून पासपोर्टशी छेडछाड केल्याचा विषय सुरू होतो.

इस्रायल २०१३ पासून सहसा शिक्का मारतच नाही, आत शिरताना छोटी निळी चिठ्ठी देतात. ती निघेपर्यंत जपायची. खरी मेख शेजारच्या शिक्क्यात आहे. जॉर्डनच्या शेख हुसेन किंवा अकाबाजवळच्या नाक्यावरून बाहेर पडल्याचा शिक्का बसला की संपलं, कारण त्या नाक्यापलीकडे इस्रायलशिवाय दुसरा देशच नाही. इजिप्तच्या ताबा नावाच्या नाक्याचंही तेच. लेबनॉनमध्ये इस्रायलला गेल्याची खूण दिसली की प्रवेश नाकारतात, आणि हे शिक्के ते बरोब्बर ओळखतात. म्हणून जॉर्डनहून विमानानेच निघू दे.

बालबेक आधी आणि लग्न नंतर असतं तर बरं झालं असतं. लेबनॉनचा शिक्का पाहून इस्रायल सहसा परत पाठवत नाही, बसवून विचारतात मात्र खूप.

*

ताई, मी वहिनी लिहितेय.
दादांचं सगळं पटलं. फक्त शिक्का नाही म्हणजे गेलोच नाही, असं मुलाला वाटू देऊ नका. आमचे हे २०१४ साली इराणला पर्सेपोलिस बघून आले. पुढे अमेरिकेला जायचं ठरलं, तर एस्टाच्या (व्हिसाशिवाय जायच्या ऑनलाइन परवानगीच्या) अर्जात सरळ विचारलेलं: १ मार्च २०११ नंतर इराण, इराक, सीरिया, सुदान वगैरे देशांत गेला होतात का? यांनी ‘हो’ लिहिलं. एस्टा मिळाला नाही. रीतसर व्हिसाचा अर्ज, वकिलातीत मुलाखत, सगळं करावं लागलं, पण व्हिसा मिळाला. खोटं लिहिलं असतं तर ते जन्मभर आडवं आलं असतं.

चौकशीचं म्हणाल तर मला एका विमानतळावर तासभर बसवलं होतं. अडलं कशावर, तर माझ्या मधल्या नावावर. पासपोर्टात नवऱ्याचं नाव, आणि वडिलांचं विचारल्यावर मी सांगितलं दुसरंच. त्या मुलीने दोन्ही नावं कागदावर एकाखाली एक लिहिली, मधे रेघ ओढली आणि पेन तिथेच टेकवून माझ्याकडे बघत राहिली. लग्नानंतर आमच्यात मधलं नाव बदलतं, हे मी तीन जणांना तीनदा सांगितलं, दर वेळी त्याच शब्दांत. उत्तर बदलतंय का, एवढंच ते बघत असतात. विचारतील तेवढंच सांगायचं, पण खरं. लग्नपत्रिका आणि मित्राचा पत्ता-फोन कागदावर छापून द्या, मोबाइलवर विसंबू नका.

*

दादा, वहिनी, फार आधार वाटला.
रस्त्याचा बेत रद्द केला, विमानाची तिकिटं बघतोय. लेबनॉनमध्ये विचारलं तर काय सांगशील, असं मुलाला विचारलं. म्हणाला, खरं सांगेन. म्हटलं, मग दारातूनच परत पाठवतील. जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, बालबेक राहू दे. पत्रिका हिब्रूत आणि इंग्रजीत आहे, दोन्हींच्या प्रती आज छापून आणल्या.