मदत हवी आहे: घरातलं रोजचं शास्त्रवाचन (बायबलवाचन) कसं टिकवायचं?

सर्वांना सलाम. आम्ही नगरचे, आता पुण्यात राहतो. सासूबाई होत्या तोवर रात्री जेवणाआधी शास्त्रवाचन, एक गीत आणि प्रार्थना चुकत नसे. त्या गेल्या आणि ते सुटलंच. पवित्र शास्त्र आता रविवारी मंडळीत (चर्चमध्ये) जाताना पिशवीत जातं, तेवढंच.

जानेवारीत जोर करून 'वर्षात संपूर्ण बायबल' सुरू केलं. 1,189 अध्याय, म्हणजे रोज तीन-चार. उत्पत्ती हे पहिलं पुस्तक मजेत झालं. पुढच्या निर्गमात निवासमंडपाचे, म्हणजे उपासनेच्या तंबूचे, पडदे आणि खुंट्या आल्या तशी गती मंदावली, त्यानंतरच्या लेवीयात गाडी पार रुतली. (तिथून सुखरूप बाहेर पडलेलं कुणी आहे का इथे?)

यजमानांची शिफ्ट असते. मुलं इंग्रजी माध्यमातली, जुन्या मराठीत 'तस्मात्' आलं की एकमेकांकडे बघून हसतात. मीही मग चिडते, आणि चिडून वाचलेलं वचन कुणाच्या डोक्यात जाणार!

आता वाटतं, थोडंच वाचावं. मार्कच्या शुभवर्तमानाचे 16 अध्याय, किंवा नीतिसूत्रांचे 31, तारखेप्रमाणे रोज एक. पण मुलांना नीतिसूत्रं म्हणजे आईची बोलणीच वाटतील, ही भीती आहे.

तुमच्या घरी काय चालतं? सकाळी की रात्री? सोप्या मराठीतलं कोणतं भाषांतर दहा-बारा वर्षांच्या मुलांना झेपतं? आणि वाचलेलं दिवसभर लक्षात राहावं, भांडणात, ऑफिसात आठवावं, म्हणून कुणी काही करतं का? फ्रिजवर वचन चिकटवून पाहिलंय. आठवड्यात ते वाणसामानाच्या यादीखाली गेलं.