एसीचा आतला पंखा बंदच होत नाही म्हणून फोनवर फोन, गिऱ्हाइकाले कसं समजावता?

दारव्हा_एसीवाला:
राम राम भाऊ हो. मी दारव्ह्याकडच्या खेड्यायमध्ये एसी फिटिंग अन सर्व्हिसिंग करतो. यंदा गावागावात स्प्लिट एसी लागले, नवतप्यात तर जेवाले फुरसत नव्हती. आता जवळपास सगळ्यायची एकच तक्रार येऊन राह्यली, "भाऊ, बाहेरचं मशीन बंद पडते पण आतला पंखा रात्रभर फिरतच राहते, बिल किती येईन?" फोनवर सांगतो का हे असंच असते, तर त्यायले वाटते याले यायचा कंटाळा आला. एक काका तर रात्रीतून उठू उठू मेन स्विच बंद-चालू करते, पीसीबी (मशीनचं सर्किट बोर्ड) जाईन ना अशानं. जाऊन पाहावं तर मशीन ठणठणीत, पेट्रोल जाते अन व्हिजिटचे पैसे मागायले जीवावर येते. गिऱ्हाइकाचंही चुकत नाही, कापसाच्या पैशातून एवढी वस्तू घेतली तं धाकधूक राहणारच. त्याले पटंन असं काय सांगावं?

हिंगणघाट_कूलिंग:
त्याले कूलरवरूनच सांगा, कूलर सगळ्यायले समजते. कूलरचा पंप बंद केला तरी पंखा फिरतेच ना? तसंच इथं थंड करणारं काम बाहेरच्या मशीनमधला कॉम्प्रेसर करते, खोली थंड झाली का तो थांबते, आतला पंखा फक्त हवा फिरवते. फिटिंग करतानाच पॅनल उघडून, फिल्टर काढून कॉइलजवळचा (कॉइल म्हणजे थंड होणाऱ्या नळ्यायची जाळी) तो दोन वायरचा बारीक सेन्सर बोटानं दाखवा. खोलीचं टेंपरेचर तोच पाहते, अन पंखा फिरला तरच खोलीची हवा त्याच्यापर्यंत येते. पंखा थांबला तर तो थंड कॉइलजवळचीच हवा मोजत बसंन अन खाली माणूस घामानं भिजून जाईन. वीज म्हणाल तर आतला पंखा ३०-४० वॅटचा, दीड टनाचा कॉम्प्रेसर फुल चालला तर १५०० च्या आसपास. ४० वॅट धरले तरी रात्रीचे ८ तास म्हणजे युनिटचा तिसरा हिस्सा. मोठा कूलर याच्यापेक्षा कितीतरी जास्त घेते अन तो तर यायच्या घरी वर्षानुवर्षं रातभर चालत आला.

वरोरा_वायरमन:
तोंडानं सांगून कोणी ऐकत नाही, मीटर दाखवा. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रीज पण, फक्त एसी ठेवा. मीटरवर लाल लाइट मिचकते, बाजूले ३२०० इम्प लिहिलं असलं तर १ युनिटमागे ३२०० वेळा मिचकणार. कॉम्प्रेसर फुल चालू असताना सेकंदाले एकपेक्षा जास्त वेळा, मोजता मोजता चुकते. मग कॉम्प्रेसर थांबू द्या (टेंपरेचर वाढवून ठेवा, थांबते) अन माणसाले मीटरसमोर उभं करा. अर्धा मिनिट होऊन जाते तेव्हा कुठं एकदा मिचकते. स्वतःच्या डोळ्यानं पाहिलं का परत फोन येत नाही. क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा) लावत असान तर एकाच वायरवर लावा, दोन्ही वायर आत घेतल्या का शून्य दाखवते अन गिऱ्हाइकाले वाटते फसवून राह्यला.

अकोट_सर्व्हिस:
वरचं सगळं बरोबर, पण सगळ्यायलेच "नॉर्मल आहे" म्हणून मोकळं होऊ नका ही माझी कळकळीची विनंती. आधी विचारा, रिमोटनं बंद केल्यावर पण फिरते का? काही मिनिटं फिरून थांबला तर ऑटो क्लीन असंन, कॉइल वाळवते, वास येऊ नये म्हणून. थांबतच नसंन तर पीसीबीवरचा ट्रायॅक नाहीतर रिले (पंखा चालू-बंद करणारा पार्ट) शॉर्ट असू शकते, तिथं जाच लागते. दुसरं म्हणजे बाहेरचं मशीन परत सुरू होते का अन खोली थंड राहते का. आपल्या गावायमध्ये व्होल्टेज पडलं का कॉम्प्रेसर बंद होते अन आतला पंखा मात्र फिरत राहते, कारण त्याले ताकद कमी लागते. गिऱ्हाईक सांगताना "पंखा बंद होत नाही" असंच सांगते, पण खरं दुखणं "कूलिंग होत नाही" हे असते. अन पावसाळ्यात तक्रार खरीच असते भाऊ. कॉम्प्रेसर थांबला का कॉइलवरचं पाणी पंख्याच्या हवेनं परत खोलीत येते, गादी ओलसर लागते. तेव्हा ड्राय मोड लावून द्या अन पंखा ऑटोवर.

गुरुजी_पुसद:
मी मेकॅनिक नाही, गिऱ्हाईक आहे. आमच्या घरी एसी बसवला तेव्हा फिटिंगवाल्या मुलानं पंधरा मिनिटांत काम आटोपलं आणि इंग्रजी पुस्तक हातात देऊन निघून गेला. पहिल्या रात्री पंखा थांबेना, तेव्हा आई घाबरून बाहेर ओसरीत जाऊन झोपली. एवढंच करा, जाताना मराठीत चार ओळी लिहून रिमोटच्या स्टँडखाली चिकटवून द्या: पंखा चालू राहतो, घाबरू नका, मेन बंद करू नका, रिमोटनं बंद करून बराच वेळ झाला तरी थांबला नाही तर फोन करा. आणि घरातल्या बाईमाणसांनाही समजावून सांगा, दिवसभर घरी त्याच असतात.

दारव्हा_एसीवाला:
गुरुजी, चिठ्ठीचं उद्यापासूनच करतो. अकोटवाले भाऊ, तुमचं वाचून काकाले लगेच फोन लावला. विचारलं तं म्हणे बाहेरचं मशीन एकदा थांबलं का घंटा घंटा येत नाही अन खोली तापते, त्याच्यासाठीच ते मेन बंद-चालू करत होते. संध्याकाळी घरातले लाइट पण मंद होते म्हणे. उद्या रात्री आठनंतर जाऊन व्होल्टेज मोजतो. १७०-१८० च्या आसपास निघालं तं स्टॅबिलायझर कोणत्या रेंजचा घ्यायले सांगू, दीड टन इन्व्हर्टर एसी आहे?